पक्ष संपल्यावर घेऊ

आमच्या घरात संगणकाला संगणक म्हणत नाहीत, कुलवृत्तांत म्हणतात. कुलवृत्तांताचं टेबल, कुलवृत्तांताची खुर्ची, कुलवृत्तांतावरची धूळ. अकरा वर्षं त्या यंत्रावर दुसरं काही झालंच नाही, म्हणून हे नाव पडलं. आता त्यात कुलवृत्तांताचं एक अक्षर उरलेलं नाही, तरी नाव तसंच आहे. ते कसं गेलं ते मला सांगायचंय. ज्या एका माणसाला हे सांगायला हवं, त्याच्या लक्षात राहत नाही, म्हणून इथे सांगते.

तो माणूस म्हणजे माझे यजमान, हेमचंद्र. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं. चौक, लोधिवलीपासून आमच्या कर्जतपर्यंत सगळे त्यांना सर म्हणतात. मीही म्हणते. सुरुवातीला चिडवायला म्हणायचे, मग तेच तोंडात बसलं. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, भजनाला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. आमची सून सई बंगळूरला, त्यामुळे ती सोय नव्हती. सरांनी घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. म्हणजे मूळ पुरुषापासून आजच्या तान्ह्या बाळापर्यंत कोण कुणाचा, कुठे जन्मला, काय शिकला, कशाने गेला, याची जाडजूड चोपडी.

मी खूप हसले होते तेव्हा. मेलेल्यांची हजेरी घेताय का म्हणून विचारलं होतं. पण सरांनी एक गोष्ट वेगळी केली आणि माझं हसू थांबलं. बहुतेक कुलवृत्तांतांत बायका पाहुण्यांसारख्या असतात. 'पत्नी अमुक, माहेरच्या तमुक' की संपलं. मुली लग्न होऊन गेल्या की पुसल्या. लहानपणी गेलेली मुलं तर नाहीतच. सरांनी ठरवलं की आपल्या चोपडीत जन्मलेला प्रत्येक जीव येणार. त्यासाठी आम्ही कुठेकुठे हिंडलो. लोधिवलीच्या विमलआत्यांकडे सात वेळा गेलो. आत्या एक्याण्णव वर्षांच्या, दात नाहीत, पण कुठल्या भावजयीला झालेलं कितवं मूल कुठल्या साथीत गेलं ते त्या घडाघडा सांगायच्या. सर लिहून घ्यायचे, घरी आल्यावर मी टंकून काढायची. मी त्यांची बिनपगारी कारकून होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आत्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. टंकून झालेल्या वह्या मी रद्दीत घातल्या. घरभर कागद मला खपत नाहीत.

आता जे सांगायचं ते मी पंचेचाळीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. आमचा मुलगा देवव्रत हा आमचा पहिला नव्हे. त्याच्याआधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवस होती. बाराव्या दिवशी बारसं असतं, तिचं झालंच नाही, त्यामुळे तिला नाव नाही. दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. श्राद्ध नाही, तिथी नाही, भिंतीवर फोटो नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या की विसर, आणि सगळ्यांनी शहाण्यासारखं विसरल्याचं दाखवलं. सर आणि मी त्या मुलीविषयी एकदाही बोललो नाही. एकदाही नाही.

कुलवृत्तांतात सरांनी आमची शाखा सगळ्यांत शेवटी ठेवली होती. यजमानाने पंगतीत शेवटी बसायचं असतं, असं म्हणायचे. ती शाखा लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि दोन दुपार स्वतः एका बोटाने टंकत बसले. मी चहा घेऊन गेले तर पडद्यावर दिसलं, 'कन्या', आणि पुढे काहीतरी. पुढचं दिसलं नाही, कारण सरांनी झटकन त्यावर पंजा ठेवला. पेपरात शेजारच्याला उत्तर दिसू नये म्हणून ठेवतात तसा. म्हणाले, "छापून आल्यावर वाच. त्याआधी नाही."

म्हणजे त्यांनी तिला नाव दिलं होतं.

मी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. त्यानंतर दीड वर्ष ती फाइल माझ्या बोटाखाली होती. संगणक मीच सुरू करायची, मीच बंद करायची. कुठल्याही दुपारी उघडून वाचता आली असती. वाचली नाही. यांनी लपवलंय ना, मग चोरून कशाला वाचू, हा एक हट्ट. दुसरी गोष्ट खरी अशी की मला भीती वाटत होती. दिवाळीच्या पाडव्याला पुस्तक निघणार होतं. तेव्हा चारचौघांत, चष्मा लावून, पान उलटून वाचायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. त्या पाडव्याची मी जेवढी वाट पाहिली तेवढी माझ्या लग्नाचीही पाहिली नव्हती.

मधल्या काळात सर विसरू लागले. आधी चष्मा, मग दुधाचं, मग वार. गेल्या वर्षीच्या पितृपक्षात दुकानात सूट लागली म्हणून मी कपडे धुण्याचं यंत्र घेतलं. या पंधरवड्यात नवं काही घेऊ नये हे मला का ठाऊक नव्हतं? पण मी तेव्हा असल्या गोष्टींना जुमानत नसे. यंत्र घरी आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सर दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि दुपारी पळसदरीच्या फलाटावर बसलेले सापडले. तिथे कसे गेले ते त्यांनाच सांगता येईना. पनवेलच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि आजाराचं नाव सांगितलं. आता यंत्राचा आणि त्याचा काय संबंध? काही नाही. ते मला कळतं. पण त्या दिवसापासून मी बदलले. मांजर आडवं गेलं तरी मी थांबायला लागले. माणूस घाबरला की जे सापडेल त्याला धरतो.

सरांना सांभाळायला पळसदरीहून छाया यायला लागली. भातशेती सांभाळून नऊ ते सहा आमच्याकडे. ती आल्यामुळे मी टिकले.

यंदा भाद्रपदाच्या पौर्णिमेला संगणकावर सूचना आली की संरक्षणाची मुदत उद्या संपते. विषाणूंपासून संगणक वाचवणारं जे काही असतं ते दरवर्षी देवव्रत तिकडून भरून टाकायचा. यंदा म्हणाला की ते जुनं झालंय, दुसरं चांगलं घेऊ. सरांना हे कळलं मात्र, त्यांच्यातला मास्तर जागा झाला. फूलस्केप कागदावर पट्टीने रकाने आखले. नाव, पकडण्याची ताकद, यंत्र किती मंदावतं, किंमत, मुदत. सात कंपन्या विद्यार्थ्यांसारख्या ओळीत उभ्या केल्या आणि प्रत्येकीला दहापैकी गुण दिले. एकीला दोन गुण सवलतीचे दिले, का ते त्यांनाच माहीत. मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी ते असे रमले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवा कागद घेतला आणि पुन्हा रकाने आखले. कालचा कागद समोर धरला तर म्हणाले, हे अक्षर माझ्यासारखंच आहे, कोणाचं आहे? चार दिवसांत चार कागद झाले. चारी कागदांवर पहिला नंबर वेगवेगळ्या कंपनीचा. त्या गुणपत्रिका मी देवासमोरच्या पोथीत घालून ठेवल्यात.

गजाला बोलावलं. गजा सरांचा विद्यार्थी, लोधिवलीचा, कर्जत बाजारात त्याचं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गणितात दोनदा नापास झालेला, पण सरांच्या पाया पडल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. त्याने ते चारी कागद पाहिले आणि मान खाली घातली. मग मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, नावाजलेलं कुठलंही घ्या, फरक उन्नीस-बीसचा, पण आजच घ्या. दुसरी, पेन ड्राईव्हवर कुलवृत्तांताची नक्कल ठेवता ते चांगलं, पण काम झालं की तो काढून कपाटात ठेवत जा. चोर घरात शिरला तर दाराला टांगलेली किल्लीही नेतो.

पेन ड्राईव्ह मी नाडीच्या तुकड्याने संगणकाला बांधून ठेवला होता. सर काढून कुठे ठेवायचे ते सापडत नसे. एकदा तांदळाच्या डब्यात मिळाला होता. म्हणून बांधला. गजा गेल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं आणि तसाच राहू दिला.

आणि 'आजच घ्या' म्हणाला त्याचं काय केलं? देवव्रत फोनवर होता, कार्ड हातात घेऊन. दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, पक्ष चालू आहे, घटस्थापनेला घे.

तो आधी हसला. मग चिडला. अगं आई, ही काय वस्तू आहे का, हवेतून येतं ते. मी म्हटलं, हवेतून येवो नाहीतर पाण्यातून, विकत घेतोस ना? मग पक्ष संपल्यावर घेऊ. गेल्या वर्षी काय झालं ते विसरलास? त्याने कार्ड परत ठेवलं. सरांनी आयुष्यभर असल्या गोष्टींची टिंगल केली. बरे असते तर त्यांनी मला फळ्यासमोर उभं करून कार्यकारणभाव समजावला असता. ते तेव्हा खिडकीत बसून पाचवा कागद आखत होते.

तर असे आम्ही उघड्यावर राहिलो. नवमीला सासूबाईंचं श्राद्ध होतं. गुरुजी आले, पिंडदान झालं, कावळा पहिल्या हाकेला शिवला, सगळं यथासांग. जेवण झाल्यावर गुरुजी मोबाइलवर पुढच्या यजमानांना येतोच म्हणून सांगत होते, तेव्हा मी त्यांना सहज विचारलं की पक्षात एखादी गोष्ट फुकट मिळाली तर घ्यावी का? त्याचं कारण सकाळपासून पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन येत होता. शुद्ध मराठीत लिहिलेला. तुमच्या संगणकाचे संरक्षण संपले आहे, तुमच्या सर्व फाइली धोक्यात आहेत, आमचे संरक्षण आजच मोफत घ्या. गुरुजींनी सुपारी तोंडात टाकली. म्हणाले, विकत घेणं वेगळं, मिळणं वेगळं. खरेदी नाही तर दोष कसला?

फुकट ते पौष्टिक. मला तर तोड सापडल्यासारखं झालं. पक्षही पाळला जाणार आणि कुलवृत्तांतही सांभाळला जाणार. दुपारी तीनची वेळ, सर झोपले होते, छाया मागे भांडी घासत होती. मी पदराला हात पुसून खुर्चीत बसले आणि 'मोफत घ्या'वर टिचकी मारली. त्याने विचारलं, आधीची सुरक्षा बंद करायला परवानगी आहे? हो. संगणकात बदल करायला परवानगी आहे? हो. सगळ्या फाइली तपासायच्या का? म्हटलं, त्यासाठीच तर बोलावलंय बाबा, हो. एक हिरवी पट्टी सरकत सरकत पूर्ण झाली, शेवटी बरोबरची खूण आली. मला इतकं समाधान वाटलं की मी छायाला बोलावून ती खूण दाखवली. त्या पट्टीने सरकताना माझ्या घरातली एकेक फाइल हातात घेतली हे मला कसं कळावं? कुंपणच शेत खातं म्हणतात. मी तर कुंपण स्वतःच्या हाताने आणून लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी हाक मारली. हाक साधीच होती, चष्मा कुठे आहे म्हणून मारतात तशी. जाऊन पाहिलं तर पडदा लाल. वर इंग्रजी मजकूर, खाली उलटं चालणारं घड्याळ. तुमच्या सर्व फाइलींना कुलूप लावलं आहे, बहात्तर तासांत अमुक रक्कम द्या, तीही कसल्याशा परदेशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या नाण्यांत. कुलवृत्तांताच्या फाइलीचं नाव बदलून पुढे अक्षरांचं लेंढार लागलं होतं. पेन ड्राईव्हवरही तेच. नाडीची गाठ मात्र पक्की होती.

गजा धावत आला. त्याने आधी वायरी उपटल्या, मग बराच वेळ काहीबाही करून पाहिलं. सर त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, मी दारात. शेवटी गजाने हात मांडीवर ठेवले आणि न वळता विचारलं, "हे कोणी टाकलं?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण सर आधी बोलले.

"मीच टाकलं असणार," ते म्हणाले. "मला आठवत नाही, म्हणजे मीच."

गजाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. पाहता पाहता बोलायची वेळ निघून गेली. छायाला ठाऊक होतं, ती खूण मीच तिला दाखवली होती. त्या दिवशी तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही, पोट बरं नाही म्हणाली. सर नंतर दिवसभर उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत धरून बसून होते.

पुढचं थोडक्यात सांगते. माझ्या पाटल्या विकून ती रक्कम द्यायची माझी तयारी होती. देवव्रत म्हणाला की त्या लोकांना पैसे देऊनही बहुतेकदा काही परत मिळत नाही, आणि मी तुला देऊ देणार नाही. तक्रार नोंदवली, फोनवरच्या मुलीने सौजन्याने लिहून घेतली. तीन वर्षांपूर्वी सरांनी देवव्रतला पहिली शंभर पानं पाठवली होती ती त्याच्याकडे निघाली. त्यांत मूळ पुरुष आहेत, त्यांची घोडी आहे, इनामाच्या जमिनी आहेत. विमलआत्यांनी सांगितलेल्या बायका नाहीत. आमची शाखा नाही. यजमान पंगतीला बसायचेच राहिले.

गजाने जुनी डिस्क काढून एका डब्यात घालून दिली. कधीतरी कुठे किल्ली मिळाली तर मिळाली, म्हणाला, टाकू नका. नवी डिस्क बसवली. घटस्थापनेच्या मुहूर्तावर देवव्रतने सरांच्या तिसऱ्या कागदावर पहिली आलेली कंपनी विकत घेतली, दसऱ्याला मी संगणकाला झेंडूचा हार घातला. आता तो अगदी सुरक्षित आहे. आत राखण्यासारखं काहीही नाही.

मला वाटलं होतं की सर विसरतील. इतकं विसरतात, हेही विसरतील. तसे विसरलेही, पण नको ते. कुलवृत्तांत गेला हे विसरले, कुलवृत्तांत आहे हे विसरले नाहीत. रोज सकाळी दहाला अंघोळ करून त्या खुर्चीत बसायचे आणि फाइल शोधायचे. मग मला हाक. मी सांगायची, गेली. ते विचारायचे, कशी? आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणायचे, मीच काहीतरी केलं असणार. रोज तेच. रोज तोच चेहरा, पहिल्यांदा ऐकल्याचा. मग दुपारभर मुठीत बोट.

कोजागिरीच्या सुमारास मला सोसेना. एका सकाळी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पक्ष, यंत्र, गुरुजी, हिरवी पट्टी, दारात उभं राहून गप्प बसणं, सगळं. रडले. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, अगं, तू मुद्दाम थोडंच केलंस? मला वाटलं, सुटले. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांनी हाक मारली. फाइल कुठे आहे? गेली. कशी? मीच काहीतरी केलं असणार.

मी पुन्हा कबुली दिली. त्यांनी पुन्हा क्षमा केली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सहाव्या दिवशी मी थांबले. माझी कबुली त्यांच्याजवळ एक रात्र टिकत नव्हती आणि त्यांनी स्वतःवर घेतलेला आळ रोज सकाळी ताजा होऊन उगवत होता. काय उपयोग? मला हलकं वाटावं म्हणून त्या माणसाला रोज दोनदा रडवायचं?

छायाने तोड काढली. ओटा पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज इचारतात तर रोज खरंच सांगायला पायजे असं हाय का बाई? आमची आजी म्हातारा गेल्यावर रोज त्याला हुडकायची. आमी सांगायचो, शेतावर गेलाय, येल सांजचा. ती गप जेवायची. आमाला काय ते बरं वाटायचं नाय. पन ती जेवायची."

दुसऱ्या दिवशी सर खुर्चीकडे निघाले तेव्हा मी म्हटलं, आज नको. पितृपक्ष चालू आहे, या पंधरवड्यात कुलवृत्तांत उघडत नाहीत. आता टिंगल करतील, कार्यकारणभाव विचारतील, असं मला वाटलं. मनातून मला तेच हवं होतं. ते थबकले. म्हणाले, बरं. मग घटस्थापनेनंतर बघू. आणि खिडकीत जाऊन बसले. ज्या माणसाने जन्मात एक मुहूर्त पाळला नाही त्याने माझ्या एका शब्दावर पक्ष पाळला, आणि त्या दिवशी त्यांनी बोट मुठीत धरलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पितृपक्ष आहे. दिवाळीत होता, संक्रांतीला होता. दिवाळीच्या पाडव्याला पुस्तक निघणार होतं, त्या दिवशीही होता. शेजारी फटाके वाजत होते आणि सर विचारत होते की पक्षात कसले फटाके? मी म्हटलं, लोकांना हल्ली काही धरबंध राहिलेला नाही.

मी मात्र एक गोष्ट अजून विचारली नव्हती. धीर होत नव्हता. नाव त्यांच्या डोक्यात असेलच ना कुठेतरी? बायकोचं नाव आहे, विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांक आहेत, सत्तावीसचा पाढा आहे. गेल्या आठवड्यात एकदा ते खूप प्रसन्न दिसले. दुपारी मी चहा ओतला. छाया घरी लवकर गेली होती, तिच्या वाडीत होळी रचायची होती. मी त्यांच्या समोर बसले आणि विचारलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"आपल्या मुलीचं नाव काय लिहिलंत?"

त्यांना कळलं. कोणती मुलगी असं त्यांनी विचारलं नाही. त्यांचा चेहरा उजळला. ओठ हलले. पहिलं अक्षर आलंच होतं, मी शपथेवर सांगते, ते ओठांवर आलं होतं. मग कुठेतरी वाट चुकलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, हवेत बोटाने काहीतरी लिहून पाहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मी थांबले. कपांतल्या चहावर साय धरली.

मग ते हसले. वर्गात एखाद्याने अवघड प्रश्न विचारला की हसायचे तसे. म्हणाले, "चांगलं नाव आहे. लिहून ठेवलंय ना. बघून सांगतो."

आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले, कुलवृत्तांताच्या टेबलाकडे निघाले.

"आज नको," मी म्हटलं. "पितृपक्ष आहे."

"बरं," सर म्हणाले, आणि परत येऊन बसले. "पक्ष संपला की आठवण कर."